सुट्टी आगगाड्यांची, वही धाकट्याची

आमच्यासारख्या नोकरदाराच्या घरी सुट्ट्या जोडून आल्या की आधी आनंद होतो आणि मागोमाग काळजी येते. यंदा प्रजासत्ताक दिन सोमवारी आला. चौथा शनिवार, रविवार आणि सोमवार, अशी सलग तीन दिवसांची सुट्टी पडली. आमच्या कल्याणच्या वस्तीतली कुणी अलिबागला निघाली, कुणी महाबळेश्वरला. आम्ही पडलो कारकून. महिन्याच्या चोवीस तारखेला कारकुनाच्या खिशात काय उरते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पोरे मात्र विचारू लागली, "पप्पा, आपण कुठे जायचं?"

त्याच आठवड्यात घरात एक गोष्ट घडली होती. आमचा धाकटा पाचवीत आहे. शाळेत त्याला 'माझे आजोबा' असा निबंध लिहायला सांगितला होता. त्याने लिहिले, "माझे आजोबा रेल्वेत मोठे साहेब होते." वही कॉटवर पडली होती. आबांनी चष्मा लावून ती वाचली, मिटून जागेवर ठेवली आणि गॅलरीत जाऊन बसले. त्या रात्री त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. हे सौ.च्या लक्षात आले, तिने आम्हाला सांगितले.

आमचे आबा साहेब नव्हते. ते गँगमन म्हणून रेल्वेत लागले आणि पुढे वीस वर्षे कीमन, म्हणजे चावीवाले होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळांवरून चालायचे, हे त्यांचे काम.

आम्ही धाकट्याला रागे भरणार होतो, पण जीभ उचलेना. कारण आम्हीही हेच केले होते. बी.कॉम.ला प्रवेश घेताना अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. तिथे 'गँगमन' लिहिताना आमचा हात थांबला आणि आम्ही 'रेल्वे कर्मचारी' असे लिहिले. खोटे काही लिहिले नाही, पण खरेही लिहिले नाही. मग पोराला कोणत्या तोंडाने बोलायचे?

म्हणून आम्ही ठरवले की या तीन दिवसांत कुठेही जायचे नाही, फक्त आगगाड्या पाहायच्या, आणि आबांना बरोबर घ्यायचे.

ऐकून सौ. हसली. "रोज लोकलला लटकता, ते कमी पडलं का?" म्हणाली. पण गाड्यांत कोंबून घेणे वेगळे आणि गाड्या पाहणे वेगळे. इंग्लंडात हा मोठा छंद आहे. १९४२ साली तिथे इयन ॲलन नावाच्या रेल्वेतल्याच एका तरुण कर्मचाऱ्याने इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली आणि हजारो शाळकरी पोरे वही-पेन्सिल घेऊन फलाटांच्या टोकाला उभी राहू लागली. आपल्याकडे तर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा तीन इंजिने आणि चौदा डबे पाहायला लोक रस्त्याच्या कडेला, घरांच्या छपरांवर जमले होते. म्हणजे हा छंद आपल्याकडेही पहिल्या दिवसापासून आहे.

आम्ही शंभर पानी वही आणली आणि तिच्यात रकाने पाडले. हिशेबी माणसाला रकान्यांशिवाय चैन पडत नाही. वेळ, ठिकाण, गाडी, इंजिनाची जात, इंजिनाचा क्रमांक, शेड आणि शेवटी शेरा.

पहिला दिवस, कल्याण

शनिवारी सकाळी फलाटाची तिकिटे काढून आम्ही पाचही जण कल्याण स्थानकात गेलो. दहा रुपयांचे तिकीट दोन तास चालते. १ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणला आली. इथे रस्ता फुटतो. एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाट चढून नाशिककडे जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. त्यामुळे उत्तरेची गाडी, दक्षिणेची गाडी, मालगाडी आणि लोकल असे सगळे काही एका जागी बसून दिसते. आम्ही फलाटाच्या टोकाकडे, पण काठापासून लांब, बाकड्यावर ठाण मांडले.

पहिल्या तासात पोरांना एवढेच कळले की प्रत्येक इंजिनावर काहीतरी लिहिलेले असते. मग ते वाचायचे कसे, हे आबांनी दाखवले. डब्ल्यू म्हणजे साडेपाच फुटी रुंद मार्ग, ज्याला आपण ब्रॉडगेज म्हणतो. ए म्हणजे एसी विजेवर चालणारे, डी म्हणजे डिझेलचे. पी म्हणजे प्रवासी गाडीचे, जी म्हणजे मालगाडीचे, एम म्हणजे दोन्ही कामांचे. मग डब्ल्यूएपी-७ आले की थोरली लगेच ओरडे, "रुंद, एसी, प्रवासी!" आणि डब्ल्यूएजी-९ आले की धाकटा म्हणे, "हा मालवाला."

जुन्या इंजिनांच्या नावात सी असे, तेही आबांनी सांगितले. मुंबईच्या तारांत पूर्वी दीड हजार व्होल्टची डीसी वीज होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती याच विजेवर. पुढे पंचवीस हजार व्होल्टची एसी आली. पश्चिम रेल्वेवर हा बदल २०१२ साली पुरा झाला, मध्य रेल्वेवर हार्बरसह २०१६ साली. वीज बदलली, तशी फक्त डीसीवर चालणारी सी वाली इंजिनेही गेली.

इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचे नावही असते. शेड म्हणजे त्याचे घर, जिथे त्याची देखभाल होते. कल्याण, भुसावळ, अजनी, इटारसी, गाझियाबाद. अजनी वाचल्यावर धाकट्याने विचारले, "हे कुठं?" थोरली म्हणाली, "अरे, आपलं नागपूर." दुपारी घरी येऊन दोघांनी शाळेचा नकाशा काढला आणि शेडांभोवती पेन्सिलीने गोल केले. भूगोलाच्या पुस्तकाला एरवी हात न लावणारी ही पोरे.

मालगाडी आली की वाघिणी मोजायच्या. पन्नाशी ओलांडली की धाकट्याची गडबड होई. मग थोरली बोटे धरायची आणि तो आकडे म्हणायचा. मालगाडी गेली, तेव्हा आबांनी विचारले, "शेवटच्या वाघिणीच्या मागं काय होतं?" कुणीच पाहिले नव्हते. "तेच तर पाहायचं असतं," आबा म्हणाले. गाडीच्या शेवटाला 'एल. व्ही.' अशी पाटी असते, प्रवासी डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते. ती दिसली म्हणजे गाडी पुरी गेली, मधे तुटून डबे मागे राहिले नाहीत. स्थानकातला माणूस दर गाडीला ती पाहतो. पुढचे इंजिन सगळे पाहतात, शेवटची पाटी पाहणाऱ्याला पगार मिळतो, असे ते म्हणाले आणि पोरे हसली. वहीत एक रकाना वाढला, 'शेवट पाहिला काय?'

दुसरा दिवस, मेगाब्लॉक आणि सीएसएमटी

रविवारी आम्ही सीएसएमटीला निघालो आणि मेगाब्लॉकमध्ये सापडलो. आमचीच चूक. रविवारी घराबाहेर पडताना ब्लॉकची बातमी वाचायची असते, हे रोज लोकलने जाणाऱ्याने विसरावे म्हणजे काय! धिमी गाडी जलद मार्गावर घेतली होती आणि घाटकोपरच्या पुढे ती थांबून राहिली. डब्यात नेहमीचे सुरू झाले. रविवारचीसुद्धा सुट्टी नाही, यांना काम काय दुसरे, आठवडाभर झोपतात काय, वगैरे. खरे सांगायचे तर एरवी आम्हीही त्यात दोन शब्द मिळवतो.

शेजारच्या रुळावर काम चालू होते. केशरी जाकिटे घातलेली दहा-बारा माणसे होती. थोडे पुढे पिवळे टँपिंग मशीन उभे होते. त्याच्या पोलादी दाताळ्या खडीत घुसत आणि थरथरत वर येत. आबा खिडकीशी उभे राहिले. धाकट्याला त्यांनी पुढे घेतले.

"ते काय करतात, माहीत आहे? गाडी जाऊन जाऊन स्लीपरखालची खडी बसते. रूळ खाली जातो. मग गाडीला हिसका लागतो. म्हणून खडी पुन्हा ठासून भरायची. आता हे यंत्र करतं. आम्ही हातानं करायचो. बीटर घ्यायचा आणि ठोकत राहायचं. वैशाखातसुद्धा."

थोरलीने विचारले, "आबा, रूळ जड असतो का हो?" आबा म्हणाले, मीटरला साठ किलोचा रूळ आता वापरतात, आणि तेरा मीटरचा एक तुकडा. धाकट्याने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. ७८० किलो. "एवढा उचलायचा?" "एकट्यानं नाही. सगळे मिळून, मुकादमाच्या आवाजावर. एकाचा पाय चुकला तर दुसऱ्याचा पाय जायचा."

डब्यातली बडबड थांबली होती असे म्हणणार नाही. पण समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ आबांचे बोलणे ऐकत होते. त्यांनी विचारले, "काका, तुम्ही लाइनवर होता का?" आबांनी आधी नातवाकडे पाहिले आणि मग म्हणाले, "हो. गँगमन होतो." त्या गृहस्थांनी सरकून त्यांना खिडकीची जागा दिली. वीस मिनिटांनी गाडी हलली. धाकट्याने वेळेच्या रकान्यात उशीर लिहिला, शेऱ्यात लिहिले, 'खडी भरत होते.'

भायखळ्याला उतरून जुनी दगडी इमारत पाहिली. देशातल्या सर्वांत जुन्या स्थानकांपैकी हे एक. २०२२ साली तिची नीट डागडुजी करून मूळचे रूप परत आणले आहे. रोज पाहूनही आम्ही कधी मान वर केली नव्हती.

सीएसएमटीची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची. काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतले. इथे अठरा फलाट आहेत, पहिले सात लोकलचे आणि पुढचे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. आम्ही डेक्कन क्वीनसाठी थांबलो. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी. तिचा क्रमांक १२१२३, पुण्याहून परत येताना १२१२४. डिसेंबर २०१० पासून गाड्यांना पाच आकडी क्रमांक आहेत. पहिला आकडा शून्य असेल तर विशेष गाडी, नऊ असेल तर मुंबईची लोकल. पाच वाजून दहा मिनिटांनी ती सुटली. पोरांनी या वेळी इंजिन टिपून घेतले आणि सगळे डबे जाईपर्यंत थांबून फुलीही पाहिली. बाहेर आलो तेव्हा इमारतीवर तिरंगी रोषणाई लागली होती. सौ. म्हणाली, "बरं झालं आले."

तिसरा दिवस, कर्जत

सोमवारी सकाळी झेंडावंदन करून, भाकरी, चटणी आणि उकडलेली अंडी बांधून आम्ही कर्जत लोकल पकडली. बदलापूर सुटले तसे आबा उठून दाराजवळच्या खांबाला धरून उभे राहिले. "इथून माझी बीट," ते म्हणाले. बदलापूर आणि वांगणीच्या मधला सहा किलोमीटरचा तुकडा. एका बाजूने जायचे, दुसऱ्या बाजूने परत यायचे. प्रत्येक चावी, प्रत्येक जोड पाहायचा, सैल झाली तर हातोड्याने बसवायची. थंडीत रूळ आखडतो आणि पहाटे तडकतो, उन्हाळ्यात फुगतो आणि वाकू पाहतो, पावसात खालची माती वाहून जाते. म्हणून कुठल्याच ऋतूत चैन नाही.

"आणि रूळ तुटलेला दिसला तर?" धाकट्याने विचारले. लाल झेंडा रोवायचा आणि गाडी येणाऱ्या दिशेने धावत सुटायचे. सहाशे मीटरवर रुळाला एक फटाका बांधायचा, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. चाक त्यावर आले की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. "तुम्ही बांधले होते?" "दोनदा," आबा म्हणाले. आम्ही त्यांचे पोटचे पोर, पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते.

थोरलीला रुळाकडेला 'सी/फा' अशी पाटी दिसली. सीटी आणि फाटक. पुढे फाटक आहे, शिट्टी वाजव, असे ती ड्रायव्हरला सांगते. वांगणी आल्यावर आम्ही पोरांना १७ एप्रिल २०२१ची आठवण दिली. याच फलाटावरून एका अंध आईचे लेकरू रुळावर पडले, समोरून गाडी येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी रुळावरून धावत जाऊन त्याला वर ढकलले, मग स्वतः वर चढले. मिळालेल्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी त्या मायलेकरांना दिली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या माणसांना गँगमनचेच काम का मिळाले? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला होता. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. त्याला हमालाचेही काम देत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही, हे त्यांनी उघड बोलून दाखवले. म्हणजे लाज वाटायची असेल तर ती वाट अडवणाऱ्याला वाटावी. चालणाऱ्याने का वाटून घ्यावी? हे आम्हाला अर्ज भरताना कळायला हवे होते.

कर्जतला पोरांची चंगळ झाली. पुढे बोरघाट. सदतीस फूट गेल्यावर एक फूट चढ, एवढा उभा. म्हणून पुण्याकडची गाडी इथे थांबते आणि तिच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी दोन-तीन इंजिने लावतात. पुढचे ओढते, मागची रेटतात, लोणावळ्याला ती सुटतात. इंजिने हळूहळू मागे येऊन डब्याला टेकतात, माणूस मधे शिरून जोडतो, मग शिट्टीला शिट्टीचे उत्तर. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली सोलापूर वंदे भारत मात्र बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत.

हा घाट १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला. गर्दीच्या हंगामात चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. पटकीने आणि अपघातांनी हजारो मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे नेले, एवढे पुस्तकात वाचायला मिळते. मजुरांची नावे वाचायला मिळत नाहीत.

फलाटावर वडापाव खाताना धाकटा वहीत काहीतरी करत बसला होता. "आबा, रोज जाऊन-येऊन बारा किलोमीटर. वर्षाला किती दिवस?" "धर तीनशे." "आणि वीस वर्षं." त्याने आकडा काढला आणि आमच्याकडून तपासून घेतला. बहात्तर हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे आमचे आबा पृथ्वीला पावणेदोन फेऱ्यांहून जास्त चालले, तेही बदलापूर आणि वांगणीच्या मधे.

आता खर्चाचा हिशेब. एक वही, लोकलची परतीची तिकिटे, फलाटाची तिकिटे, बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धे तिकीट, चहा, वडापाव. पाच जण तीन दिवस, आणि सिनेमाला गेलो असतो तर एका संध्याकाळी याहून जास्त गेले असते. वाचकांनी हे जरूर करून पाहावे. मात्र तिकीट काढूनच फलाटावर जावे, पिवळ्या रेषेच्या मागे राहावे, पोरांचा हात धरावा, आणि रूळ ओलांडायचा तर पुलावरूनच. मुंबईच्या लोकल मार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली कितीतरी रूळ ओलांडताना. इंजिनासमोर उभे राहून मोबाइलवर फोटो काढण्याच्या नादाला लागू नये. वही पुरते. आणि घरात रेल्वेत, गिरणीत, गोदीत, पालिकेत राबलेले कुणी वडीलधारे असतील तर त्यांना बरोबर न्यावे आणि विचारावे.

मंगळवारी सकाळी शाळेला जाण्याआधी धाकट्याने निबंधातली ती ओळ खोडली आणि वर लिहिले, "माझे आजोबा रेल्वेत चावीवाले होते. ते ७२ हजार किलोमीटर चालले." मग वही आबांपुढे धरली. आबांनी चष्मा लावला, दोनदा वाचले आणि विचारले,

"रजेचे दिवस वजा केलेस ना?"